पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा

भारतीय मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तख्त, तलवार आणि घुमट उभे राहतात. शाळेच्या पुस्तकांनी हेच चित्र शिकवले. पुढे निंदा करणाऱ्यांनी याच चित्राची निंदा केली आणि अभिमान बाळगणाऱ्यांनी याचाच अभिमान बाळगला. या दोघांच्या भांडणात कष्ट करून जगणारा मुसलमान इतिहासातून गळून पडला. विणकर, पिंजारी, बागवान, शिकलगार, तांबोळी यांची थोडीफार दखल महाराष्ट्रात घेतली गेली, ती मुस्लिम ओबीसी चळवळीमुळे. पण जंगलात म्हशी राखणारा, घर पाठीवर घेऊन डोंगर चढणारा मुसलमान कोणत्या पुस्तकात आहे? बादशाहाने किती वाघ मारले हे आपल्याला आकड्यानिशी सांगता येते. त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाचे नाव मात्र सांगता येत नाही.

हा प्रश्न डोक्यात घेऊन दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी सहारनपूरहून मोटारसायकलवर निघालो. शिवालिकच्या टेकड्या ओलांडून मोहंडमार्गे डेहराडून, तिथून हरिद्वार, नजीबाबाद, रामनगर, पिलीभीत आणि शेवटी नेपाळच्या सीमेवरचे दुधवा असा मार्ग ठरवला होता. उत्तरेतला हा हत्ती-वाघांचा मुलूख. सोबत कोणी नव्हते. मोटारसायकलवरच्या एकट्या माणसाला हवे तिथे थांबता येते आणि लोकही त्याची विचारपूस करायला आपणहून जवळ येतात. अभयारण्याच्या आत दुचाकीला मज्जाव असतो. म्हणून मी कडेकडेच्या रस्त्यांनीच फिरलो. मला भेटायचे होते ते लोकही आता बहुतेक कडेलाच राहतात.

मोहंडचा डेरा

सहारनपूर मागे पडले की उसाची शेते संपतात आणि सालवृक्षांचे जंगल सुरू होते. टेकड्यांतून उतरणारे ओढे पावसाळ्यात धो धो वाहतात आणि एरवी नुसते दगडगोटे दाखवीत कोरडे पडतात. इकडे त्यांना ‘राव’ म्हणतात. अशाच एका रावाच्या काठी गवताने शाकारलेला, मातीने लिंपलेला एक ऐसपैस डेरा दिसला. भोवती काळ्याभोर म्हशी होत्या. हे वनगुज्जर. धर्माने मुसलमान, भाषा गोजरी, संपत्ती म्हणजे म्हशी. हिवाळा शिवालिकच्या जंगलात काढायचा, उन्हाळा लागला की यमुना आणि टोन्स नद्यांच्या खोऱ्यांनी वर हिमालयातल्या गवताळ कुरणांवर जायचे आणि थंडी पडू लागली की पुन्हा खाली यायचे, असा त्यांचा वर्षाचा फेरा. त्या कुरणांना पहाडात ‘बुग्याल’ म्हणतात. नहानच्या, म्हणजे सिरमूरच्या राजाला जम्मूकडची राणी मिळाली आणि तिच्यासोबत आंदण म्हणून आपले पूर्वज म्हशींसह इकडे आले, असे ते सांगतात. दंतकथा असेल, पण तिच्यात राजाने बोलावून आणल्याची आठवण आहे, घुसखोरीची नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी. हे मुसलमान परंपरेने शाकाहारी आहेत. म्हैस त्यांच्या घरातली माणूस असते. ती कसायाला विकायची नाही, असा त्यांचा रिवाज. मुसलमान म्हणजे काय खाणारा आणि काय कापणारा, हे ठरवून बसलेल्यांनी एकदा या डेऱ्यात दूध पिऊन यावे.

डेऱ्यातल्या मेंदी लावलेल्या दाढीच्या म्हाताऱ्या बाबांना मी सलाम केला आणि पाणी मागितले. “पाणी कशाला, भाई, दूध घ्या,” ते म्हणाले. मी कुठून आलो हे कळल्यावर त्यांनी विचारले, “तुमच्याकडे जंगल आहे? गुज्जर आहेत?”

“जंगल आहे, चाचा. गुज्जर नाहीत, धनगर आहेत. मेंढ्या घेऊन फिरतात.”

“मग त्यांनाही कागद विचारत असतील,” चाचा म्हणाले, आणि उठून आत गेले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले काही कागद त्यांनी बाहेर आणले. त्यात आजोबांच्या नावाचा जुना चराईचा परवाना होता. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यावर म्हशी किती आणि कर किती ते लिहिले होते. घरात माणसे किती, हे कुठेच नव्हते.

हा परवाना आला कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, हे आपण मराठी माणसे कौतुकाने सांगतो. पण रूळ पसरत गेले तसे त्यांच्याखाली घालायला लाकडी स्लीपर हवे झाले. उत्तरेत ते सालाचे आणि देवदाराचे. फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगल पट्ट्याने घेतले आणि देवदाराचे ओंडके भागीरथीच्या प्रवाहात सोडून खाली आणले. त्यातून तो अतोनात श्रीमंत झाला. लाकूड संपत चालले तेव्हा सरकार जागे झाले. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, जर्मन वनतज्ज्ञ डिट्रिश ब्रँडिस त्याचे प्रमुख झाले. १८६५, १८७८ आणि १९२७ अशा तीन कायद्यांनी जंगल सरकारचे झाले आणि त्यात राहणारा माणूस परवानगीने राहणारा ठरला. म्हशी मोजून कर लावला गेला. पुढे कुटुंबे वाढली, भावाभावांत म्हशी वाटल्या गेल्या. परवाने मात्र जुन्याच नावांवर राहिले. जंगल तोडले कुणी आणि हिशेब द्यावा लागला कुणाला, याचे उत्तर चाचांच्या हातातल्या त्या कागदात होते.

राजाजी : वाघाची वाट कुणी अडवली?

मोहंडच्या खिंडीपलीकडे राजाजीचे जंगल लागते. १९८३ मध्ये तीन अभयारण्ये एकत्र करून राष्ट्रीय उद्यान करण्याचे ठरले आणि त्याला चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव दिले गेले. क्षेत्र ८२० चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, गुरे नकोत, असा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा रोख. तेव्हा वनगुज्जर एका रात्रीत अतिक्रमक झाले. १९९२ मध्ये पहाडातून परतणाऱ्या कुटुंबांना आपल्याच हिवाळी डेऱ्यांकडे जाण्यापासून अडवले गेले आणि ते रस्त्यावर बसले. डेहराडूनच्या ‘रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र’ या संस्थेने, म्हणजे अवधाश कौशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांची बाजू घेतली. डेऱ्याडेऱ्यांत जाऊन साक्षरतेचे वर्ग चालवले. जंगलाची राखण वनगुज्जरांवरच सोपवावी, असा आराखडाही मांडला. तो मान्य झाला नाही. पुढे बरीच कुटुंबे पथरी आणि गैंडीखाता या वसाहतींत हलवली गेली.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. म्हशींसाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, चराईने हरणांचा चारा कमी होतो, हे खोटे नाही. गंगेच्या पूर्वेकडचा चिल्लाचा भाग गुज्जरांनी सोडल्यावर तिथे वाघ वाढले, असे वन्यजीव अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही नोंद नाकारून वनगुज्जरांची वकिली करता येणार नाही.

पण हरिद्वारजवळ गंगेच्या पश्चिम काठावर उभे राहिले की कथेचा दुसरा अर्धा भाग दिसतो. बराच भाग गुज्जरांकडून रिकामा झालेल्या याच बाजूला वाघ वाढण्याऐवजी जवळजवळ संपले. अखेर डिसेंबर २०२० पासून कॉर्बेटमधले वाघ पकडून इकडे आणून सोडावे लागले. पूर्वेकडे वाढलेले वाघ नदी ओलांडून पश्चिमेला का आले नाहीत? कारण मध्ये कालवा आहे, महामार्ग आहे, वस्त्या आहेत, लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे आणि १९०० मध्ये सुरू झालेला हरिद्वार-डेहराडून लोहमार्ग आहे. या रुळांवर आजवर कितीतरी हत्ती चिरडले गेले. आता दिल्ली-डेहराडून द्रुतगती मार्गासाठी मोहंडकडे सुमारे १२ किलोमीटर लांबीचा उंचावरचा रस्ता बांधला आहे, खालून जनावरांनी जावे म्हणून. ही चांगलीच गोष्ट झाली. पण रस्त्यासाठी वाट काढण्याची जी बुद्धी आणि जो पैसा लावला गेला, त्याचा थोडासा भाग म्हशीवाल्यांसाठी का लावला गेला नाही, हा प्रश्न उरतोच.

नजीबाबादच्या वाटेवर

हरिद्वारहून नजीबाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरच गैंडीखाता लागते. सरळ रेषेत आखलेले जमिनीचे तुकडे, विटांची घरे, काही दारांत अजूनही म्हशी. मुले शाळेच्या गणवेशात दिसली. एका तरुणाने मला सांगितले की शाळा आणि दवाखाना मिळाला हे चांगले झाले, पण जमिनीचा मालकीचा कागद अजून हातात नाही. जंगलातून उठवून आणले तरी कागदाने पाठ सोडली नव्हती.

पुढचे नजीबाबाद मराठी वाचकाला नावाने ठाऊक आहे. पानिपतच्या कथेतला नजीबखान रोहिला, त्याने वसवलेले हे गाव. १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांनी शुक्रतालला नजीबाला वेढले, तेव्हा गोविंदपंत बुंदेल्यांनी हरिद्वारकडून गंगा ओलांडून याच मुलुखात धुमाकूळ घातला. १७७२ मध्ये महादजी शिंदे आणि विसाजीपंत बिनीवाले इथे आले. नजीबाचा पत्थरगड जिंकला गेला, त्याची कबरही फोडली गेली. पानिपतचा सूड म्हणून हे आपल्याकडे सांगितले जाते. पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. रोहिल्यांनी बायकामुलांना घेऊन तराईच्या जंगलाचा आसरा घेतला आणि तिथल्या रोगट हवेत त्यांचे हाल झाले. त्यांतल्या कितीजणांनी पानिपत पाहिले असेल? सूड राजावर उगवला जातो आणि जंगलात पळावे लागते ते रयतेला. हे मराठ्यांच्या बाबतीत जितके खरे, तितकेच रोहिल्यांच्या आणि इंग्रजांच्या बाबतीतही.

त्याच पत्थरगडाला लोक आज ‘सुलताना डाकूचा किल्ला’ म्हणतात. सुलताना भांतू जमातीचा. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांतली ही एक. या लोकांना सुधारण्यासाठी म्हणून याच किल्ल्यात कोंडून ठेवले होते. सुलताना निसटला, तराईच्या जंगलात शिरला आणि १९२४ मध्ये फासावर गेला. त्याच्या पाठलागात सामील असलेल्या जिम कॉर्बेटनेच पुढे त्याच्याबद्दल आदराने लिहिले. जन्मावरून गुन्हेगार ठरलेल्या माणसाला न्याय मिळाला नाही, ही खंत त्या शिकाऱ्याला जाणवली. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांना ही कथा वेगळी सांगायला नको.

शिकारीचा हिशेब

रामनगर म्हणजे कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाचे दार. पाटीपाटीवर वाघ. वाघ संपले ते स्थानिक माणसामुळे, आणि वाचवले ते शहरातल्या जाणत्यांनी, असा समज या पाट्या पाहून होऊ शकतो. म्हणून शिकारीचा हिशेब मांडला पाहिजे, आणि तो आपल्या घरापासून मांडला पाहिजे.

जहांगीर बादशाहाने आपल्या आत्मचरित्रात स्वतःचा हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ प्राणी-पक्षी मारले गेले, त्यांतले १७,१६७ त्याने स्वतःच्या हातांनी मारले. हाच जहांगीर सारस पक्ष्याच्या जोडीला लैला-मजनू नाव देऊन त्यांची अंडी कोण कधी उबवते हे बारकाईने टिपतो, उस्ताद मन्सूरकडून पक्ष्यांची चित्रे काढून घेतो, लाडक्या हरणाच्या आठवणीसाठी शेखूपुऱ्याला मिनार उभारतो. निसर्गावरचे त्याचे प्रेम खरे होते. त्याची बंदूकही खरी होती. यातले एकच सांगून दुसरे लपवणे आपल्याला शोभणार नाही.

इंग्रजी अमलात ही शिकार शौकापुरती राहिली नाही. वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देऊ लागले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. गोरे साहेब, संस्थानिक, नबाब, राजे यांत सगळे होते. म्हशी राखणाऱ्याच्या नावावर यातले किती जमा करणार?

जिम कॉर्बेट या काळाचा शहाणा साक्षीदार. नैनितालला १८७५ मध्ये जन्मला, कुमाऊँत वाढला. ४३६ माणसे मारल्याची नोंद असलेली चंपावतची वाघीण त्याने १९०७ मध्ये मारली. पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा त्याला जवळचा वाटू लागला. १९३६ मध्ये भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान इथे झाले ते गव्हर्नर हेली यांच्या नावाने. १९५७ मध्ये त्याला कॉर्बेटचे नाव मिळाले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ इथेच झाला, तेव्हा देशात अवघे १,८२७ वाघ मोजले गेले होते. २०२२ च्या गणनेत ही संख्या सरासरी ३,६८२ वर गेली आणि एकट्या कॉर्बेटमध्ये २६० वाघ निघाले. याचा आनंद कुणाला होणार नाही? पण त्याच कॉर्बेटचा नदीकाठचा सुपीक, गवताळ भाग १९७० च्या दशकात रामगंगेवरच्या धरणात बुडाला, हेही त्या आनंदासोबत लक्षात ठेवावे.

बाबराचा गेंडा आणि थारूंचे गाव

रामनगरहून पूर्वेकडे गेले की तराई सपाट होत जाते. ही भूमी एकेकाळी हिवतापासाठी कुप्रसिद्ध होती. बाहेरचा माणूस इथे टिकत नसे. थारू आदिवासी मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिले. स्वातंत्र्यानंतर डी.डी.टी.ची फवारणी झाली, हिवताप हटला आणि जंगल तोडून शेते झाली. फाळणीत उखडलेले पंजाबी आणि बंगाली निर्वासित इथे वसवले गेले. त्यांचे दुःख मोठे होते, त्यांनी कष्टही मोठे केले. पण देशाला गरज वाटली तेव्हा जंगलात माणसांना जागा करून देता येते, हे तराईने सिद्ध केले.

पिलीभीत, मैलानी मागे टाकून दुधव्याला पोहोचलो. इथे बारशिंगा आहे, आणि गेंडाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात शरयूच्या काठावर गेंडे पुष्कळ असल्याचे लिहिले आहे. एकोणिसावे शतक संपेपर्यंत ते इथून नाहीसे झाले. १९८४ मध्ये आसाममधून आणि पुढच्या वर्षी नेपाळमधून गेंडे आणून दुधव्यात सोडले, तेव्हा सुमारे शतकभराने हा प्राणी आपल्या जुन्या मुलुखात परतला. तो पूर्वी इथे राहत होता याचा पुरावा म्हणून एका बादशाहाची नोंद पुरेशी ठरू शकते. माणसाकडे मात्र बादशाहाची नोंद नसते.

१९७७ मध्ये दुधवा राष्ट्रीय उद्यान झाले. आतल्या सुरमा गावच्या थारूंना हटवण्याचे ठरले. गावकरी वर्षानुवर्षे झगडले, आणि २०११ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना आपल्या जमिनीचे हक्क मिळाले. राष्ट्रीय उद्यानाच्या आत राहूनही हक्क मिळू शकतो, हे सुरमाने दाखवले. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून जो मार्ग दाखवला, त्याच वाटेवरचे हे पाऊल.

पुरावा कुणी द्यायचा?

मग हाच कायदा वनगुज्जरांना का तारत नाही? २००६ च्या वनहक्क कायद्याने दोन प्रकारचे लोक मानले आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तिथे राहत होतो एवढे दाखवले की पुरते. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ माणसाने मात्र त्या तारखेमागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, राहत असल्याचे सिद्ध करायचे. हिमाचलात गुज्जर अनुसूचित जमातीत आहेत. जम्मू-काश्मीरमध्ये १९९१ पासून आहेत. उत्तराखंड आणि उत्तर प्रदेशात नाहीत. तीच माणसे, तीच बोली, त्याच म्हशी. राज्याची सीमा ओलांडली की जमात बदलते! सहा महिने डोंगरावर आणि सहा महिने खाली राहणाऱ्या, घरावर नंबर नसलेल्या माणसाने १९३० सालचा पुरावा आणायचा कुठून? सरकारनेच दिलेला म्हशींचा परवाना हा त्याचा एकमेव इतिहास. म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत जपला जातो.

न्यायालयांनी काही वेळा हात दिला आहे. २०२१ मध्ये गोविंद पशुविहाराच्या वाटेवर अडवलेल्या कुटुंबांचे हाल पाहून उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले आणि त्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, याची आठवण दिली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, टाळेबंदीत, पंजाब-हिमाचलच्या सीमेवर मुसलमान गुज्जरांचे दूध लोक घेईनासे झाले आणि ते नदीत ओतावे लागले, अशा बातम्या आल्या होत्या. दुधाला धर्म चिकटवण्याइतकी हवा बिघडली असेल, तर नुसत्या कायद्याने भागणार नाही.

आणि हे सगळे फक्त उत्तरेत घडते असे नाही. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी आहेत, त्यांत अस्वलवाले आहेत. वन्यजीव कायद्याने अस्वल सुटले, ते योग्यच झाले. त्या मुक्या जिवाच्या नाकातली वेसण कुणालाही पाहवत नव्हती. पण अस्वल सुटले तेव्हा त्याच्यामागच्या माणसाने उद्या काय खायचे, याची फिकीर किती जणांनी केली? आपल्या मोहल्ल्यांतही दरवेशाला चार आणे देऊन पुढे पाठवणारेच जास्त होते. त्याच्या मुलाला शाळेत घालणारे थोडे.

आज देशभर माणसांकडे पुरावा मागितला जातो. तुमचा आजा कुठे जन्मला, कागद दाखवा. या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या मुसलमान मध्यमवर्गाने एवढे ध्यानात घ्यावे की वनगुज्जर, थारू, भांतू, दरवेशी हे लोक याच प्रश्नाला शंभर-दीडशे वर्षांपासून उत्तर देत आले आहेत, आणि त्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत. आपली लढाई त्यांच्यापासून वेगळी काढली तर ती आपणही हरू.

वाघ वाचलाच पाहिजे. सालाचे जंगल राहिलेच पाहिजे. पण जंगलाचा इतिहास लिहिताना बादशाहाचा शिकारखाना, साहेबाचा स्लीपर, सरकारचे धरण आणि गुज्जराची म्हैस या चौघांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे. चौथीचाच हिशेब मागायचा आणि पहिल्या तिघांचा माफ करायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. आपल्यातल्या लिहित्या तरुणांनी मकबरे आणि किल्ले जरूर पाहावेत, पण एखादा हिवाळा डेऱ्यातही घालवावा. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून वाटा, कुरणे, पाणवठे आणि पिढ्यांची नावे लिहून घ्यावीत. पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा कागदावर नसेल, पण अजून तो माणसांच्या आठवणीत आहे. ही माणसे म्हातारी होत चालली आहेत.